मूकनायक ते मतपेटी : पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर

माळव्याच्या पठारावरील महू हे गाव १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर इंग्रजांच्या लष्करी छावणीच्या रूपाने उदयास आले. होळकरशाहीच्या राजधानीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या या छावणीत कोकणातून, देशावरून अनेक मराठी कुटुंबे पलटणींबरोबर आली. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यामधल्या आंबडवे गावचे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे कुटुंब हे त्यांपैकीच एक होय. या कुटुंबात १४ एप्रिल १८९१ रोजी चौदाव्या अपत्याचा जन्म झाला. त्या बालकाचे नाव पुढे साऱ्या जगाने ऐकले. २००३ मध्ये महूला डॉ. आंबेडकर नगर हे नाव मिळाले आणि जन्मभूमीने आपल्या सुपुत्राचे ऋण शासनदरबारीही नोंदविले.

बाबासाहेबांच्या चरित्राची अनेक अंगे आहेत. घटनाकार, अर्थशास्त्रज्ञ, कायदेपंडित, समाजक्रांतिकारक, धम्मप्रवर्तक अशा विविध नात्यांनी त्यांच्यावर विपुल लेखन झाले आहे. मात्र ग्रंथालयाच्या वृत्तपत्र-विभागात रोज सकाळी येऊन बसणाऱ्या वाचकाला अधिक जवळचे वाटावे असे त्यांचे एक रूप आहे, ते म्हणजे संपादकाचे. वृत्तपत्र आणि निवडणूक ही लोकशाहीची दोन चाके आहेत असे आपण सहज म्हणतो. परंतु या दोन्ही चाकांशी ज्यांचा संपादक, उमेदवार आणि कायद्याचा शिल्पकार अशा तिहेरी नात्याने संबंध आला, असा पुरुष आपल्या देशात विरळाच. प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाचा हा एकच धागा उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

शिक्षण आणि जडणघडण

रामजी सुभेदार हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. कबीरपंथी वृत्तीच्या या गृहस्थाने घरात वाचनाची आणि संतवाङ्मयाची गोडी लावली. सेवानिवृत्तीनंतर कुटुंब दापोलीस व पुढे साताऱ्यास गेले. तेथेच माता भीमाबाईंचे छत्र हरपले. शाळेत वर्गाबाहेर अथवा कोपऱ्यात बसणे, पाण्यासाठी दुसऱ्याच्या दयेवर अवलंबून राहणे हे अनुभव बालवयातच वाट्याला आले. १९०७ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक, १९१२ मध्ये बी.ए. आणि त्यानंतर सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अध्ययन, हा प्रवास सर्वपरिचित आहे. लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून १९१७ मध्ये ते परतले आणि १९१८ च्या अखेरीस मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले.

याच वेळी हिंदुस्थानात मताधिकार कोणाला द्यावा याची चौकशी करणारी साउथबरो समिती आली. जानेवारी १९१९ मध्ये या तरुण प्राध्यापकाने समितीपुढे साक्ष दिली. मालमत्तेच्या आणि कराच्या अटी तशाच ठेवल्या, तर अस्पृश्य समाजातील मतदारांची संख्या नगण्य राहील आणि कायदेमंडळात त्यांचा आवाज कधीच उमटणार नाही, हे त्यांनी आकडेवारीनिशी मांडले. मताचा अधिकार हे त्यांच्या दृष्टीने माणूसपणाचे लक्षण होते. परंतु ज्याच्याजवळ मत नाही त्याच्याजवळ निदान वाणी तरी असावी, आणि ती वाणी छापील असावी, हेही त्यांना उमगले. या जाणिवेतूनच त्यांची पत्रकारिता जन्मास आली.

मूकनायक

शनिवार, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. स्वतः बाबासाहेब सरकारी महाविद्यालयात अध्यापन करीत असल्याने संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. प्रेरणा आणि लेखणी मात्र बाबासाहेबांचीच. शिरोभागी तुकोबांचा अभंग विराजमान होता. नावातच पत्राचे प्रयोजन सामावलेले होते. तत्कालीन वृत्तपत्रे विशिष्ट जातींचे हितसंबंध पाहतात, इतरांच्या हिताची त्यांना पर्वा नसते, आणि क्वचित त्यांतून अहितकारक प्रलापही निघतात, अशी त्यांची तक्रार पहिल्याच अग्रलेखात आली आहे. हिंदू समाजाची तुलना त्यांनी जिन्याविना उभ्या असलेल्या मनोऱ्याशी केली : ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण.

या पत्राच्या जन्मकाळचा एक प्रसंग मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला आहे. ‘मूकनायक’ची जाहिरात, तीही रीतसर मोबदला देऊन, ‘केसरी’कडे पाठविली असता ती नाकारण्यात आली. ज्या ‘केसरी’च्या संपादकाने लेखनस्वातंत्र्यासाठी १९०८ मध्ये सहा वर्षांची मंडालेची शिक्षा भोगली, त्याच पत्राची दारे एका नव्या पत्राच्या जाहिरातीला बंद व्हावीत, हा दैवदुर्विलासच म्हणावा लागेल. १९१० च्या प्रेस ॲक्टाची टांगती तलवार त्या काळी सर्वच पत्रांवर होती. परंतु सरकारच्या दडपणाइतकेच समाजाचे दडपणही वाणी बंद करू शकते, हा धडा बाबासाहेबांना येथे मिळाला. वृत्तपत्रस्वातंत्र्याविषयीचे त्यांचे पुढील सारे चिंतन या दुहेरी अनुभवावर उभे आहे.

जुलै १९२० मध्ये ते अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. त्यांच्या अनुपस्थितीत ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांनी धुरा वाहिली. पण वर्गणीदारांचा तुटवडा आणि आर्थिक ओढाताण यांमुळे १९२३ मध्ये ‘मूकनायक’ मूक झाला.

बहिष्कृत भारत आणि जनता

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्यावर वृत्तपत्रांतून उठलेल्या टीकेच्या मोहोळाला उत्तर देण्यासाठी स्वतःचे पत्र हवेच होते. अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. या वेळी संपादक म्हणून बाबासाहेबांचेच नाव होते. शिरोभागी ज्ञानेश्वरीच्या ओव्या आल्या. पगारी संपादक ठेवण्याची ऐपत नव्हती. पत्राचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना एकट्याने लिहून काढावे लागत. बॅरिस्टरी, अध्यापन, विधिमंडळातील काम आणि चळवळ सांभाळून रात्री जागवून हे लेखन होई. मराठी गद्याच्या अभ्यासकाने हे अग्रलेख मुद्दाम वाचावेत. त्यांत वकिलाचा युक्तिवाद, पंडिताचा व्यासंग आणि कोकणी बोलीचा रोखठोकपणा यांचा त्रिवेणी संगम आढळतो. हे पाक्षिक नोव्हेंबर १९२९ पर्यंत चालले. मधल्या काळात, जून १९२८ मध्ये, देवराव विष्णू नाईक यांच्या संपादकत्वाखाली ‘समता’ निघाले आणि २४ नोव्हेंबर १९३० रोजी ‘जनता’चा जन्म झाला. ‘जनता’ने पाव शतकाची वाटचाल केली. बाबासाहेबांच्या पत्रांपैकी सर्वांत दीर्घायुषी ठरले ते हेच.

लेखनस्वातंत्र्यासाठी ते न्यायालयातही उभे राहिले. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील बदनामीच्या खटल्यात झालेल्या शिक्षेविरुद्ध जेधे-जवळकरांच्या वतीने १९२६ मध्ये त्यांनी अपील लढविले आणि जिंकले. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील मजकुराबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. तो खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. कर्व्यांचा विषय लोकांना रुचणारा नव्हता. तरीही न रुचणाऱ्या विचारालाही बाजू मांडण्याचा हक्क आहे, या निष्ठेपायी त्यांनी तो स्वीकारला, हे विसरता येत नाही.

निवडणुकीच्या आखाड्यात

सायमन कमिशनपुढे १९२८ मध्ये साक्ष देताना बाबासाहेबांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. निरक्षर माणसाला मत कशाला, असे भलेभले विचारीत होते, त्या काळातील ही मागणी आहे. १९३२ चा जातीय निवाडा आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार या पर्वात देशातील बहुसंख्य वृत्तपत्रांनी त्यांच्यावर कठोर प्रहार केले. तो सारा इतिहास येथे सांगण्याचे कारण नाही. एवढेच ध्यानात घ्यावे, की त्या दिवसांत त्यांची बाजू समग्रपणे वाचावयाची तर ‘जनता’च हाती घ्यावी लागे.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत उडी घेतली. मुंबईत त्यांच्या विरोधात काँग्रेसतर्फे नामवंत क्रिकेटपटू पी. बाळू उभे होते. बाबासाहेब १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी विजयी झाले आणि पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले. मोठ्या पत्रांचा पाठिंबा नसताना मिळालेले हे यश ‘जनता’सारख्या छोट्या पत्राचे आणि वस्त्यावस्त्यांतून फिरणाऱ्या कार्यकर्त्यांचे होते.

पण छोट्या पत्राची मर्यादाही त्यांना पुरती ठाऊक होती. जाहिरातीच्या उत्पन्नावाचून पत्र जगत नाही. जाहिरात देतो तो व्यापारी. आणि व्यापारी सबळ पक्षाच्या बाजूला असतो, तेव्हा दुर्बलांचे पत्र चालावे कसे, असा प्रश्न त्यांनी चाळिशीच्या दशकातील आपल्या इंग्रजी लेखनात उपस्थित केला. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त दिलेल्या विख्यात व्याख्यानात तर त्यांनी वृत्तपत्रांची झाडाझडतीच घेतली. एके काळी व्रत असलेली पत्रकारिता व्यापार होऊन बसली आहे, लोकांना सत्य सांगण्याऐवजी ती व्यक्तिपूजेचे नगारे वाजवीत आहे, असा त्या टीकेचा आशय होता. विभूतिपूजेने लोकशाहीचा घात होतो आणि त्या पूजेची आरती वृत्तपत्रे करतात, हे त्यांचे निदान होते.

घटनेची शिल्परचना

१९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा दारुण पराभव झाला. घटना समितीवर जाण्यासाठी त्यांना जोगेंद्रनाथ मंडल प्रभृतींच्या साहाय्याने बंगालचा मार्ग धरावा लागला. फाळणीनंतर ते मुंबईतून निवडले गेले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

भाषणस्वातंत्र्याच्या कलमावर डिसेंबर १९४८ मध्ये चर्चा झाली. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख घटनेत हवा, असा आग्रह के. टी. शहा, दामोदर स्वरूप सेठ आदी सभासदांनी धरला. बाबासाहेबांनी तो मान्य केला नाही. संपादक वा व्यवस्थापक लिहितो तो एक नागरिक म्हणूनच. नागरिकाला जो हक्क आहे त्याहून वेगळा हक्क वृत्तपत्राला नाही आणि म्हणून वेगळ्या उल्लेखाची गरजही नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. वरवर पाहता ही कायद्याच्या शब्दयोजनेची बाब वाटते. परंतु ज्या संपादकाला बड्या पत्राने जाहिरातीपुरतीही जागा दिली नाही, त्याच्या तोंडी हा विचार आला म्हणजे त्याचा गाभा स्पष्ट होतो : स्वातंत्र्य छापखान्याच्या मालकाचे नव्हे, बोलणाऱ्या माणसाचे. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही हाच धागा पकडला. पुण्याच्या ‘सकाळ’ने वृत्तपत्रांची पाने व किंमत ठरविणाऱ्या कायद्याला आव्हान दिले, तेव्हा १९६१ च्या निकालात न्यायालयाने नागरिकाच्या भाषणस्वातंत्र्याच्या आधारेच वृत्तपत्राला संरक्षण दिले.

दुसरी महत्त्वाची घडामोड जून १९४९ मधील. मूळ मसुद्यात प्रांतांसाठी वेगवेगळे निवडणूक आयोग होते. काही प्रांतांत भाषेने वा वंशाने परक्या असलेल्या लोकांची नावे मतदारयादीतून वगळली जात असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा बाबासाहेबांनी स्वतःच मसुदा बदलून साऱ्या देशासाठी एकच स्वतंत्र आयोग असावा अशी सूचना मांडली. आजचे कलम ३२४ ते हेच. आयुक्ताची नेमणूक सरकारच्याच हाती राहते, हा कुंझरूप्रभृतींचा आक्षेप त्यांनी उडवून लावला नाही. अयोग्य अथवा सत्तेच्या ओंजळीने पाणी पिणारा मनुष्य त्या पदावर येऊ नये याची तरतूद मसुद्यात नाही, याची प्रांजळ कबुली त्यांनी सभागृहात दिली. स्वतःच्या रचनेतील उणीव स्वतःच दाखविणारा शिल्पकार क्वचितच आढळतो.

कसोटीचे वर्ष : १९५१

यानंतरचा प्रसंग चरित्रकाराला अवघड वाटावा असा आहे. मे १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘क्रॉस रोड्स’ आणि ‘ऑर्गनायझर’ या दोन परस्परविरोधी विचारांच्या साप्ताहिकांवरील सरकारी निर्बंध रद्दबातल ठरविले. त्याला उत्तर म्हणून सरकारने १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आणली आणि भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कक्षा वाढविली. कायदेमंत्री या नात्याने मे महिन्यात तिचे समर्थन करणारे बाबासाहेबच होते. पहिली सार्वत्रिक निवडणूक अवघ्या काही महिन्यांवर आली असताना, प्रौढ मतदानाने न निवडलेल्या संसदेने मूलभूत हक्काला हात लावावा काय, असा सवाल श्यामाप्रसाद मुखर्जी, कुंझरू यांनी केला. तो सवाल वजनदार होता आणि आजही आहे. चर्चेअंती निर्बंधांच्या आधी वाजवी हे विशेषण घातले गेले. त्या एका शब्दामुळे निर्बंध वाजवी आहे की नाही हे तपासण्याचा अधिकार न्यायालयांकडे राहिला. ‘मूकनायक’च्या संपादकाने हे समर्थन करावे याचे काहींना आश्चर्य वाटते. परंतु कोणताही हक्क निरपवाद नसतो, हे मत त्यांनी नोव्हेंबर १९४८ मध्येच घटना समितीत मांडले होते. त्यांच्या त्या भूमिकेशी मतभेद होऊ शकतो. ती आयत्या वेळी घेतली असे मात्र म्हणता येत नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये लोकप्रतिनिधित्वाचा कायदा झाला. तो संसदेतून पार नेण्याची जबाबदारीही त्यांनीच वाहिली. उमेदवाराच्या सार्वजनिक वर्तनावर हवी तेवढी टीका करावी. परंतु त्याच्या खासगी चारित्र्याविषयी जाणूनबुजून खोटे छापून मतदाराची दिशाभूल करणे हा भ्रष्टाचार होय, हे तत्त्व त्यात आहे.

सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ११ ऑक्टोबर १९५१ रोजी ते सभागृहात निवेदन करण्यास उभे राहिले, तेव्हा उपसभापतींनी निवेदनाची प्रत आधी पाहण्यास मागितली. हे पूर्वनियंत्रणच होय असे मानून बाबासाहेब सभागृहाबाहेर पडले आणि आपले निवेदन त्यांनी पत्रकारांच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी ते देशभर वाचले गेले. ज्या वृत्तपत्रांविषयी त्यांच्या मनात इतकी कटुता होती, तीच त्या दिवशी त्यांच्या वाणीला वाट करून देणारी ठरली. स्वतंत्र वृत्तपत्रे सदोष असली तरी का हवीत, याचे याहून समर्पक उदाहरण सापडणार नाही.

पराभव आणि चिंतन

१७ कोटींहून अधिक मतदारांची ती पहिली निवडणूक. मतदारांत बहुसंख्य निरक्षर. म्हणून प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित स्वतंत्र मतपेटी. ज्या प्रौढ मताधिकारासाठी बाबासाहेब सायमन कमिशनपुढे भांडले होते, तो प्रत्यक्षात आला आणि त्याच मतपेटीने त्यांना पराभूत केले. जानेवारी १९५२ मध्ये उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली. सोबतचे समाजवादी उमेदवार अशोक मेहता हेही पडले. दोघांनी कायद्याने दाखविलेल्या मार्गाने निवडणूक अर्ज केला. तो फेटाळला गेला. पुढे मुंबईतून राज्यसभेवर त्यांची निवड झाली. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा अपयश आले.

पराभवाने ते कडवट झाले असते तर नवल नव्हते. परंतु २२ डिसेंबर १९५२ रोजी पुण्यात एका विधी ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून त्यांनी जे व्याख्यान दिले, ते लोकशाहीच्या अभ्यासकाने नित्य जवळ बाळगावे असे आहे. लोकशाही यशस्वी होण्यासाठी कोणत्या अटी पुऱ्या व्हाव्या लागतात, हा त्याचा विषय. समाजात घोर विषमता नसावी, विरोधी पक्ष असावा, कायद्यापुढे व कारभारात समता असावी, अल्पसंख्यावर बहुसंख्याची जुलूमशाही नसावी, समाजमन नीतिमान असावे, अशी त्यांची मांडणी आहे. विरोधी पक्षाविषयी बोलताना त्यांनी वृत्तपत्रांकडे बोट दाखविले. सरकारला मिळणारी प्रसिद्धी विरोधकांना मिळत नाही. याचे कारण बहुधा जाहिरातीच्या उत्पन्नात असावे, कारण विरोधकाकडून उत्पन्न होत नाही, असे ते म्हणाले. ‘मूकनायक’च्या जाहिरातीपासून सुरू झालेले वर्तुळ येथे पूर्ण होते.

४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ झाले. मूक, बहिष्कृत, समता, जनता, प्रबुद्ध : या पाच नावांतच एका समाजाच्या उत्थानाचा आलेख उमटला आहे. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरास धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

उत्तरकाळ

त्यांनी निर्माण केलेल्या चौकटीत नंतर भर पडत गेली. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव व पत्ता छापण्याचे कलम १९६१ मध्ये आले. आकाशवाणीवरून राजकीय पक्षांना प्रचाराची संधी प्रथम १९७७ मध्ये लाभली. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणीवरून प्रचार करण्यास १९९६ मध्ये मनाई झाली. तरीही २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीच्या वेळी पैसे घेऊन बातमीच्या रूपात जाहिरात छापल्याच्या तक्रारी झाल्या आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेला त्या प्रश्नात लक्ष घालावे लागले. मोबदला देऊन जाहिरातही न छापणारे वृत्तपत्र आणि मोबदला घेऊन जाहिरातीला बातमी म्हणणारे वृत्तपत्र, या दोन टोकांमध्ये नव्वद वर्षांचे अंतर आहे. वाचकाची वंचना मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

यावर उपाय केवळ कायद्यात नाही, हे बाबासाहेब जाणून होते. म्हणूनच ते ग्रंथांकडे वळत. दादरचे ‘राजगृह’ त्यांनी मुख्यतः आपल्या ग्रंथसंग्रहासाठी बांधले. त्यांच्या पत्रांचे जीर्ण अंक काही निष्ठावंत संग्राहकांनी जपले, म्हणूनच १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाला वसंत मून यांच्या संपादनाखाली ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचा एकत्रित खंड काढता आला. ते अंक रद्दीत गेले असते, तर एका संपादकाचे सारे आयुष्य आपल्याला केवळ त्याच्या विरोधकांच्या पत्रांतून वाचावे लागले असते.

ग्रंथालयाचे कार्य यातच आहे. सरकारी बाजूचे आणि विरोधी बाजूचे, मोठे आणि लहान, आवडते आणि नावडते अशी सर्व पत्रे एकाच मेजावर शेजारी शेजारी ठेवणे आणि निवड वाचकावर सोपविणे, ही लोकशाहीची मूक सेवा होय. ज्या भूमीत ‘मूकनायक’चा जनक जन्मला, त्या भूमीत एका मराठी ग्रंथालयाने ही सेवा शंभर वर्षे करावी, याहून यथोचित अभिवादन दुसरे कोणते असणार? दुसऱ्या शतकात पाऊल ठेवताना त्या मेजावरील एकही बाजू रिकामी राहू नये, एवढीच सदिच्छा.